दोनशे चौदा दुरुस्त्या

क्रिस्तियानसान
मंगळवार, ८ मार्च २०१६
संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं

प्रिय हेगेआजी,

हे पत्र लिहायला बसलो तेव्हा मी तिसरी सीडी पाकिटात घालत होतो. त्याआधी दोनदा हात धुतले, कारण सीडीवर बोटांचे ठसे उठतात आणि मग गाणं मध्येच अडखळतं.

बाबा म्हणाले, काल तुला इस्पितळातून घरी वाल्लेला नेऊन सोडलं. आता फोनवर तुला बोलता यायचं नाही, आणि मोबाइलवर संदेश लिहायचा तुला राग येतो. म्हणून पत्र. शुद्धलेखन तपासलं आहे. तू बाबांची आत्या. पण घरातल्या कुणाचंही पत्र लाल पेन्सिलीने खुणा करून परत पाठवणारी तू एकटीच, हे मी लहानपणापासून जाणतो.

सोबत तीन सीडी आहेत. एक तुझी. एक मांदालच्या येर्मुन आजोबांना तू पाठवणार आहेस ती. तिसरी जादा, हरवली-तुटली तर. प्रत्येकीत चार-चार ओळींचे अकरा स्तेव आहेत, तू गायलीस त्याच क्रमाने. येर्मुन आजोबांना द्यायचं उत्तर शेवटी, अकरावं.

माझ्या तळघरातल्या खोलीत इतकं चांगलं ध्वनिमुद्रण होईल असं मलाच वाटलं नव्हतं. त्याचं निम्मं श्रेय तुझ्या घागऱ्यांना आहे. कपाटात लोकर टांगली तर आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही एवढंच मी म्हणालो होतो. तू ऑपरेशनला येताना चारही जाड लोकरी घागरे बसमधून घेऊन येशील हे मला कसं कळणार? त्या चार घागऱ्यांच्या मध्ये स्टुलावर बसून तू गायलीस, आणि तुझ्या तोंडापासून माइक बरोबर एक वीत आणि चार बोटं लांब होता. मी दर वेळी मोजत होतो, तू दर वेळी हसत होतीस. भरतकामाच्या गोल चौकटीवर ताणलेला पायमोजाही कामाला आला. 'प', 'फ'ची फुंकर माइकवर आपटली नाही. फ्रिज बंद ठेवला होता, त्यामुळे मागे घरघर नाही.

थोडी साफसफाई केली आहे. खोकला, स्टुलाची करकर, श्वासाचे मोठे आवाज काढले. बाकी जिथे गरज वाटली तिथे हात फिरवला. ते तुला कळणारही नाही.

कसं वाटलं ते सविस्तर कळव.

तुझा,
स्वैनुंग


वाल्ले, १४ मार्च

स्वैनुंग, पोरा,

पाकीट मिळालं. पत्रात एकही चूक नाही. तब्येत बरी आहे ना?

फ्रिज बंद केलास हे लिहिलंस. तो परत लावायचं तुला दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं हे मात्र लिहिलं नाहीस. वरच्या मजल्यावरची बाई नाकाला रुमाल लावून खाली आली होती आणि माझ्या आंबवलेल्या माशाकडे बघून पोलिसांना बोलवते की काय असं मला वाटलं होतं. तीन महिने मुद्दाम आंबवलेला मासा तो, त्याचं आणखी काय बिघडणार! आता तर मला वासही येत नाही. गळ्याला भोक पाडून श्वास तिथून घ्यायला लावला की नाकाला काही काम उरत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं.

मी पाटीवर लिहून बोलते. मुकी झाले तर लोकांना वाटतं मी बहिरी झाले. बँकेतली पोरगी अशी ओरडते की रस्त्यावरचे लोक थांबतात. मी लिहिलं, 'ओरडू नकोस, कान शाबूत आहेत.' तर तिनं तेही मोठ्यानं वाचून दाखवलं.

गुरुवारी आस्लेउग आणि मारी स्तेव शिकायला येतात त्या अजून येतात. मला गाऊन दाखवता येत नाही, पण चुकल्या की चमच्यानं टेबलावर ठोकते. त्या म्हणतात, आजी, आधी तू शिव्या द्यायचीस ते बरं होतं.

सीडी अजून ऐकली नाही. माझ्याकडे वाजवायला काही नाही. शेजारची इंगेब्योर रविवारी तिचं यंत्र आणून देणार आहे. आधी मी ऐकणार, मग येर्मुनला पाठवणार.

तू तिथे असताना विचारलं होतंस की हे उत्तर कशाचं. तेव्हा तुझ्या खोलीत मला सांगवेना. आता कागदावर सांगते.

१९६१ साली येर्मुनच्या बहिणीचं लग्न होतं. जेवणं झाली, माणसं स्तेव गायला लागली. एकानं चार ओळी गाऊन कुणाकडे पाहिलं की त्यानं चार ओळींत उत्तर द्यायचं. स्वतःचं सुचलं नाही तर जुनं कुणाचं उसनं घ्यायचं, हसण्यावारी न्यायचं, पण गप्प राहायचं नाही. येर्मुन उठला आणि माझ्याकडे बघून गायला:

नदीवर बांधला पूल मी नवा,
लाकूड माझ्या रानाचं;
पलीकडून कुणी पाऊल टाकीना,
काय करू या पुलाचं?

मी गप्प राहिले. माझ्या हातात कॉफीची किटली होती, ती घेऊन आत गेले. सगळ्या लग्नघरानं पाहिलं. त्या वर्षी तो मांदालला बोटीच्या कारखान्यात गेला आणि तिथलाच झाला.

उत्तर मला त्याच आठवड्यात सुचलं होतं. लिहून पाठवायचं असतं तर कधीच पाठवलं असतं. गायलेल्याला उत्तर गाऊनच द्यायचं. त्याची बायको होती तोवर ते बरं दिसलं नसतं. ती गेल्यावर वाटलं, आता घाई काय आहे. मग डॉक्टरांनी तारीख सांगितली.

हेगेआजी


वाल्ले, २१ मार्च

स्वैनुंग,

काल ऐकलं. अकरा स्तेव दोनदा ऐकले. इंगेब्योर कॉफीला थांबणार होती, तिला मी घरी पाठवलं.

तू काम नीट केलं आहेस, हे आधी लिहिते. शब्द न् शब्द स्पष्ट आहे. पण बाळा, ती मी नाही.

आवाज घोगरा होणार हे मला माहीत होतं, दोन वर्षं होतच होता. मी त्याला घाबरत नव्हते. पण आपल्याकडचा तिसरा सूर तुला माहीत आहे. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये असतो तो, वरही नाही आणि खालीही नाही. माझ्या आईनं मला तो दाखवताना सांगितलं होतं, हा सूर विकत घेतलेल्या कुठल्याही वाद्यात नसतो. तो एकाही स्तेवात नाही. एकाही नाही! सगळे सूर शाळेतल्या बाईंच्या पेटीसारखे सरळ उभे. ओळीच्या शेवटी जिथे मी सूर हळूच खाली सोडते, तिथे तो कात्रीनं कापल्यासारखा थांबतो.

म्हणजे तो सूर आधीच गेला होता. डॉक्टरांनी जे काढलं त्यात काही उरलेलंच नव्हतं. आणि मला कळलंही नाही. मी तुझ्या कपाटात बसून ऐटीत गात होते, मला वाटत होतं सगळं आहे तिथे आहे.

नोव्हेंबरात गावातल्या सिग्रीदच्या अंत्यविधीला मी गायले तेव्हा देवळात कुणी हललं नव्हतं. मी समजले, लोकांना भरून आलंय. आता समजतं, लोक संकोचानं एकमेकांकडे बघत नव्हते. कुणी सांगितलं नाही मला. वाल्लेत कुणाला तोंड नाही का? का माझीच इतकी दहशत होती?

तू वाईट वाटून घेऊ नकोस. यंत्र खोटं बोलत नाही, असं तूच म्हणाला होतास.

येर्मुनला पाठवणार नाही. त्यानं हे ऐकू नये. तुझ्याकडे असेल तेही मोडून टाक.

हेगेआजी


क्रिस्तियानसान
शनिवार, २६ मार्च, सकाळचे साडेअकरा

प्रिय हेगेआजी,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. उत्तराला तीन दिवस लागले, कारण ईस्टरमुळे आमच्या रंगाच्या दुकानात गर्दी होती. लोक सुट्टीत कुंपणं रंगवतात.

मला वाटतं दोष इंगेब्योरच्या यंत्राचा असावा. जुन्या यंत्रात सूर थोडा बदलून ऐकू येऊ शकतो. शिवाय स्वतःचा आवाज बाहेरून ऐकताना सगळ्यांनाच परका वाटतो, याला शास्त्रीय कारण आहे. आपण एरवी तो कवटीच्या हाडातून ऐकतो.

तुझा आवाज उत्तम आहे. मी ज्यांना ऐकवला त्यांना आवडला. सीडी मोडू नकोस, एवढी विनंती. येर्मुन आजोबांना पाठव किंवा पाठवू नकोस, पण मोडू नकोस.

बाबा म्हणत होते मी सुट्टीत वाल्लेला यावं. या वेळी जमत नाही.

तुझा,
स्वैनुंग


वाल्ले, १ एप्रिल

स्वैनुंग,

इंगेब्योरचं यंत्र निर्दोष आहे. मी बसनं ग्रंथालयात गेले आणि तिथल्या यंत्रावर कानाला लावून ऐकलं. तेच. तिथली बाई विचारत होती, हे कुणाचं गाणं, फार सुबक आहे. मी पाटीवर लिहिलं, माहीत नाही.

हाडाबिडाचं मला सांगू नकोस. साठ वर्षं मी माझा आवाज देवळाच्या भिंतीवरून परत येताना ऐकला आहे.

काल आस्लेउग आणि मारी आल्या तेव्हा त्यांना परत पाठवलं. पाटीवर लिहिलं, 'दुसरीकडे शिका, मी दोन वर्षं तुम्हाला चुकीचं शिकवत असणार.' मारी रडायला लागली. आस्लेउग म्हणाली, आजी, वेडी झालीस का? मी दार लावून घेतलं. आता विचार करते, त्या पोरींच्या गळ्यात मी काय घालून ठेवलं असेल? आणि मी ठोकत होते ते कशावर?

येर्मुनलाही लिहून टाकलं. इतकी वर्षं राहिलेलं उत्तर द्यायचं मनात होतं, आता ते येणार नाही, राग धरू नये. सकाळीच टपालात टाकलं.

घागरे संदुकीत ठेवले आहेत. कसर लागू नये म्हणून वर्तमानपत्र घातलं.

हे.


क्रिस्तियानसान
मंगळवार, ५ एप्रिल, दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं
(दुकानाच्या मागे, रंगाच्या डब्यांवर बसून लिहितो आहे. जेवणाची सुट्टी एकपर्यंत आहे, तेवढ्यात हे लिहून टपालात टाकलं नाही तर मी परत कच खाईन.)

हेगेआजी,

सोबत चौथी सीडी आहे. तिच्यात तू जशी गायलीस तशी आहेस. आधी ती ऐक, मग हे पत्र वाच. किंवा वाचूच नकोस.

तुझा सूर गेला नव्हता. मी काढला.

माझ्या संगणकावर गाणं रेघांच्या वहीसारखं दिसतं. प्रत्येक रेघ म्हणजे पेटीची एक पट्टी. सूर बरोबर असेल तर तो रेघेवर बसतो. तुझे बसत नव्हते. दर ओळीत एक-दोन सूर दोन रेघांच्या मधोमध लटकत होते, आणि ओळींचे शेवट खाली ओघळत होते. मला अक्षर रेघेवरून घसरलेलं सहन होत नाही, हे तुला माहीत आहे. मी एकेक सूर धरून जवळच्या रेघेवर बसवला. यंत्राने आपोआप केलं असं म्हणायची सोय नाही. प्रत्येक जागा मी हाताने केली, आणि वहीत नोंद ठेवली. दोनशे चौदा जागा. नऊ संध्याकाळी लागल्या.

मला वाटलं, हे आजारामुळे झालं आहे. आजीचा सूर हलतो आहे, तिला न दुखवता सावरून घ्यावं. असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते अर्धंच खरं आहे.

उरलेलं अर्धं लिहितो. पहिल्या दिवशी तू झोपल्यावर मी कानाला यंत्र लावून ऐकलं आणि मला लाज वाटली. तुझी. लहानपणी तुझं गाणं ऐकायचो तेव्हा असं कधी वाटलं नव्हतं. पण मी इथे दीड वर्ष संगीताच्या अभ्यासक्रमाला होतो. तिथे जे सूर रेघेवर बसत नाहीत त्यांना चूक म्हणतात, आणि चूक ऐकू येणं ही एकच गोष्ट मला तिथे चांगली जमायची. बाकी सगळ्यात नापास होऊन मी बाहेर पडलो. मला वाटलं, वाल्लेतले लोक हिला इतका मान देतात आणि ही तर बेसूर गाते. कुणाला कळत नाही, मला कळतं. हे वाक्य माझ्या मनात आलं होतं, आजी. खाडाखोड न करता लिहितो आहे.

आणखी एक आहे. मी त्या अभ्यासक्रमात परत प्रवेश मागतो आहे. अर्जाबरोबर स्वतः केलेलं ध्वनिमुद्रण द्यावं लागतं. मी तुझे दोन स्तेव दिले. तुला विचारलं नाही. आमचे जुने शिक्षक म्हणाले, 'बाई काय शुद्ध गातात!' मी मान खाली घालून 'हो' म्हणालो. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. मागच्या पत्रात 'ज्यांना ऐकवला त्यांना आवडला' असं लिहिलं ते हेच.

तुझं २१ तारखेचं पत्र वाचलं तेव्हाच मला सगळं समजलं होतं. यंत्राला दोष दिला तेव्हा मी जाणूनबुजून खोटं लिहिलं. मला वाटलं, तुझा आवाज तसाही गेलाच आहे, तो आधी गेला की नंतर, काय फरक पडतो? दोन आठवडे तू स्वतःला दोष देत राहिलीस आणि मी ते होऊ दिलं.

काल शिक्षकांना लिहिलं, ते गाणं शुद्ध मी केलं, बाईंनी नाही, आणि माझा अर्ज बाजूला ठेवावा.

मी पुढच्या शनिवारी, १६ तारखेला, वाल्लेला येतो. तोंडाने सांगायला हवं.

स्वैनुंग


वाल्ले, ८ एप्रिल

शनिवारी येऊ नकोस.

चौथी सीडी ऐकली. ती मीच आहे. दम लागलेली, घोगरी, तिसऱ्या स्तेवात एक शब्द खाल्लेली, पण मीच. तिसरा सूर जिथे माझ्या आईनं ठेवला होता तिथेच आहे. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते, नंतर बसले.

आणि मग राग आला. बेसूर वाटले तर तेव्हाच तोंडावर म्हणायचं होतंस. कपाटाचं दार उघडून म्हणायचंस, 'आजी, हे चुकतंय.' मी तुला दोन मिनिटांत दाखवलं असतं काय चुकतंय आणि कुणाचं. तेव्हा माझ्याकडे दाखवायला गळा होता. तू दर वेळी माइक मोजत बसलास. एक वीत चार बोटं!

तुला माझी लाज वाटली हे मी चार वेळा वाचलं. वाल्लेतल्या प्रत्येक माणसाबद्दल मी मनात वाटेल ते बोलले ते आठवडे, सिग्रीदच्या मुलांबद्दलसुद्धा. तुझं नाव एकदाही मनात आलं नाही.

आता तीन कामं कर.

आस्लेउग आणि मारीला तू स्वतः सांग. मी सांगणार नाही.

येर्मुनला माझं पत्र मिळालं असणार. त्याला काय सांगायचं ते तूच बघ. मी आता पुन्हा लिहिणार नाही की आधीचं खोटं होतं. एवढी वर्षं गप्प राहून मी आता त्याच्यापुढे दोन दोन पत्रं नाचवू का?

आणि चार हजार क्रोनर मी निघताना तुझ्या कोटाच्या खिशात कोंबले होते ते एका गाणाऱ्या बाईच्या ध्वनिमुद्रणाचे होते. तिला इस्त्री करायचे नव्हते. ते परत पाठव.

हेगे


क्रिस्तियानसान
रविवार, १७ एप्रिल २०१६, दुपारचे दोन

प्रिय हेगेआजी,

तुझ्या पत्राच्या क्रमानेच सांगतो.

मुलींना मी सोमवारी फोन केला. मारी फक्त 'बरं' म्हणाली. आस्लेउग म्हणाली, 'म्हणजे तू शहरात राहून आजीच्या गाण्याला टाइल्स बसवल्यास.' मी हो म्हणालो. ती म्हणाली, 'तुझं स्वतःचं एखादं गाणं आहे का? ते बसव की सरळ.'  त्या दोघी येत्या गुरुवारी येणार आहेत, तू दार लावलंस तरी खिडकीतून येऊ असा निरोप आहे.

काल मी मांदालला गेलो. सीडी टपालाने पाठवली असती, पण मग सांगायचं ते कोण सांगणार? फोन न करता गेलो, कारण त्यांनी नको म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दार त्यांच्या मुलीने, सुन्निवाने उघडलं. येर्मुन आजोबा खिडकीपाशी बसले होते. मी म्हणालो, "मी वाल्लेचा, हेगेच्या भावाचा नातू."

"कुठल्या भावाचा? दारुड्याचा की देवभोळ्याचा?"

"देवभोळ्याचा."

"मग बस. दारुड्यानं माझी कुऱ्हाड नेलीय."

तुझं पत्र त्यांच्यासमोर टेबलावर होतं, चष्म्याखाली. मी उभा राहूनच सगळं सांगितलं. दोनशे चौदा हा आकडाही सांगितला. सुन्निवा भांडी घासत होती, तिने नळ बंद केला. येर्मुन आजोबा म्हणाले, "हिनं लिहिलं उत्तर येणार नाही. तू म्हणतोस आलंय. तुमच्या घराण्याला ठरवायला पंचावन्न वर्षं पुरली नाहीत?"

मी यंत्र काढलं. ते म्हणाले, "आधी तुझी सरळ केलेली लाव." मला ती लावायची नव्हती. त्यांनी ऐकलं नाही. दोन ओळींनंतर त्यांनी हात वर केला.

"कोण ही बाई? हिच्या घरी पेटी असणार, आणि पेटीवर फुलदाणी."

सुन्निवा हसली. मग मी तुझी सीडी लावली, अकरावा स्तेव. तू गायलीस तशी:

पूल तुझा मी पाहिला होता,
पाऊल उचललं होतं;
आईच्या हातात काठी होती,
तिला मी सोडलं नव्हतं.

'उचललं'वर तुझा तो सूर आला तेव्हा ते खुर्चीत पुढे झाले. संपल्यावर म्हणाले, "घोगरी झालीय." मग म्हणाले, "पुन्हा." मी चार वेळा लावली. चौथ्या वेळेनंतर ते खिडकीकडे तोंड करून बोलले, मला वाटतं सुन्निवाशी: "आईची काठी. तिची आई आंधळी होती, हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. आणि मी समजलो, माझी जमीन कमी पडली."

सुन्निवा म्हणाली, "बाबा, तुम्ही तेव्हाच विचारायचं होतं."

"विचारलं होतं की. चार ओळींत विचारलं होतं."

मग त्यांनी घसा साफ केला आणि गायले. तुझ्या स्तेवाला उत्तर. ते तिथेच सुचलं की आधीपासून होतं, मला माहीत नाही. मी विचारलं, ध्वनिमुद्रण करू का, मी एकाही जागेला हात लावणार नाही. ते म्हणाले, "यंत्र पिशवीत घाल. लिहायचंही नाही. तिचं उत्तर तू बिघडवलंस, तर माझं तू स्वतःच्या तोंडानं नेऊन पोचव."

मी म्हणालो, मला गाता येत नाही.

"ते दिसतंच आहे. म्हण."

सव्वा अकरापासून पावणेदोनपर्यंत त्यांनी माझ्याकडून म्हणवून घेतलं. एकतीस वेळा. शब्द तिसऱ्या खेपेला पाठ झाले. तिसरा सूर येत नव्हता. मी वर गेलो की ते 'शाळा' म्हणायचे, खाली गेलो की 'अंत्यविधी' म्हणायचे. एकदा म्हणाले, "तुझ्या कानात ती जागाच कुणीतरी बुजवलीय, पोरा. तुला हेगेचा सूर खोटा वाटला यात नवल नाही." एकतीसपैकी दोनदा ते 'हां' म्हणाले. त्या दोन खेपा कुठल्या आणि बाकीच्या एकोणतीस का नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही. मला सगळ्या सारख्याच वाटल्या. याची मला जितकी लाज वाटली तितकी तुला पत्र लिहितानाही वाटली नव्हती. त्या सुराला मी चूक म्हणालो होतो, आणि आता तो माझ्यासमोर कुणी गातो आहे तरी मला तो धरता येत नाही.

येताना बसमध्ये चार ओळी तोंडातल्या तोंडात म्हणत आलो. शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली.

म्हणून या पत्रात ते उत्तर नाही. तू येऊ नकोस म्हणालीस, ते मी विसरलेलो नाही. पण ते चार ओळींत माझ्याजवळ आहे, आणि दर दिवशी ते थोडं थोडं पेटीकडे सरकतं आहे, असं मला वाटतं. सरकतं आहे की नाही हेही मला ओळखता येत नाही, तुला येईल. तू गुरुवारी मुलींना बसवतेस तेव्हा मलाही मागच्या बाकावर बसू दे. दुकानात मी गुरुवारची सुट्टी मागितली आहे, शनिवारी काम करायच्या बोलीवर. उत्तर बरोबर आलं असं तुला वाटेल त्या दिवशी ते येर्मुन आजोबांचं समजायचं. तोवर ते माझं चुकलेलं समज.

हिशेब:

तुझ्याकडून मिळाले – ४,००० क्रोनर
त्यातून माइकचा स्टँड घेतला होता – १,१५०
उरलेले बाबांच्या हाती परत पाठवले – २,८५०
मांदालची बस, जाऊन येऊन – २४८, माझा खर्च
सुन्निवाकडे नेलेला केक – ९६, माझा खर्च
तुला देणं – १,१५०, मेच्या पगारातून
गुरुवारच्या शिकवणीचे, मुली देतात तेवढेच – ५०

हे पन्नास धरले तर एकूण देणं १,२००. धरायचे की नाही, ते तू कळव.

स्वैनुंग